आयात कांदा-लसणाचें वर्गीकरण

परदेशी लसूण बाजारांत उतरला आणि भाव कोसळला कीं आपल्या सभांतून एकच ठराव होतो : सरकारनें जकात वाढवावी. ठराव करणाऱ्यांचा हेतु चांगला असतो. परंतु दर किती, याच्याआधीं माल कोणत्या सदरांत पडतो हा प्रश्न येतो, आणि त्याकडे आपलें लक्ष जात नाहीं. ताज्या लसणावर आपल्या देशांत मूळ आयात-जकात १०० टक्के आहे. याहून ती किती वाढवावयाची ?

जगांतील बहुतेक देश १९८८ सालीं अमलांत आलेलें मालाच्या वर्गीकरणाचें एकच सामायिक कोष्टक पाळतात. त्यांत ०७०३ या सदराखालीं ताजे अगर थंड केलेले कांदे, शॅलट, लसूण, लीक व त्यांच्या कुळांतील इतर भाज्या येतात. कांदा व शॅलट ०७०३.१०, लसूण ०७०३.२०, बाकीच्या ०७०३.९०. तोच लसूण गोठवला कीं ०७१० मध्यें जातो, वाळवला कीं ०७१२ मध्यें. कांद्याचें पेरणीचें बीं तर अगदींच निराळ्या प्रकरणांत, १२०९ मध्यें.

येथें शब्दांचा घोटाळा होतो. आपण ओला लसूण म्हणतों तो हिरव्या पातीसकट उपटलेला. पात वाळवून, जुड्या बांधून आढ्याला टांगलेला तो सुका. जकातखात्याच्या लेखीं हे दोन्ही ताजेच ! त्यांचा 'वाळवलेला' म्हणजे आंतलें पाणी काढून टाकलेला माल, मग तो अखंड असो, काप असोत वा भुकटी असो. सोललेल्या पाकळ्या व चिरलेला कांदा हेहि ताज्यांतच राहतात; केवळ साल काढल्यानें सदर बदलत नाहीं. 'हें खाण्यासाठीं नव्हे, लागणीसाठीं आहे,' असें म्हणून कोणी गड्डे आणूं लागला, तर त्यासहि वाट नाहीं. कारण फुलझाडांच्या कंदांच्या प्रकरणांतून कांदा, शॅलट व लसूण स्पष्ट शब्दांनीं वगळलेले आहेत. कोष्टक करणारांनीं एवढी काळजी घेतली, हें मान्य केलें पाहिजे.

खरी फट आहे ती थंड आणि गोठलेला यांच्यामध्यें. शून्य अंशाच्या आसपास आणलेला पण न गोठलेला माल थंड केलेला; आंतपर्यंत आरपार गोठलेला तो गोठवलेला. वरून बर्फ धरलेली आणि मध्यें मऊ असलेली पाकळी ताजीच ठरावयास पाहिजे. परंतु पेटींत हात घालून हें पाहणार कोण ? गोठवलेल्या भाज्यांवरील जकात लसणाच्या जकातीहून बरीच कमी आहे, म्हणून हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. त्यांतहि सामायिक कोष्टकांत गोठवलेल्या लसणाला स्वतःची ओळ नाहीं. तो 'इतर भाज्या' या ०७१०.८० मध्यें मिसळून जातो. त्यामुळें किती आला हें आंकड्यांतून उमगत नाहीं, आणि आंकडा नसला कीं तक्रारीलाहि आधार राहत नाहीं.

नांव बदलून माल आणण्याचा मोह किती असतो, तें युरोपांत दिसलें आहे. तेथें कोट्याबाहेरच्या लसणावर ९.६ टक्के आणि शिवाय दर १०० किलोंस १२० युरो अशी जकात बसविली आहे. आयर्लंडांत एका व्यापाऱ्यानें लसूण सफरचंदें म्हणून दाखविला; २०१२ सालीं त्यास सहा वर्षांची शिक्षा झाली, ती पुढें अपिलांत कमी झाली. आपल्याकडे चिनी लसणाच्या आयातीस २०१४ पासून बंदी असतांहि तो बाजारांत मिळतो कसा, हा प्रश्न २०२४ सालीं अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापुढें गेला होता.

वर्गीकरणाचा फटका निर्यातींतहि बसतो, आणि तो आपण नाशिक-नगरकडील लोकांनीं सोसला आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें कांद्यावर ४० टक्के निर्यात-जकात बसली. पुढील महिन्यांत बंगलोर रोझ या जातीस नांवानिशीं सूट मिळाली. डिसेंबरांत सर्व कांद्याची निर्यात बंद झाली, आणि एप्रिल २०२४ मध्यें मुख्यतः गुजरातेंतील पांढऱ्या कांद्याच्या २,००० टनांस परवानगी निघाली. पांढरा कांदा अलिबागेसहि होतो ! आम्हांस त्या शेतकऱ्यांचा हेवा नाहीं. त्यांच्या मालास कागदावर स्वतंत्र नांव मिळालें, आमचा लाल व उन्हाळ कांदा नुसता 'कांदा' राहिला, एवढाच त्यांतला भेद.

आमच्या मतें आपल्या ठरावांची भाषा आतां बदलावी. सामायिक कोष्टकाचे सहा आंकडे सर्वांस बांधील असतात, पुढचे दोन प्रत्येक देशाच्या स्वाधीन. तेव्हां गोठवलेल्या लसणास आठ आंकडी स्वतंत्र ओळ द्यावी, तिच्यावरील जकात ताज्या लसणाइतकी ठेवावी, आणि गोठवलेला म्हणून आलेल्या मालाचा नमुना बंदरावर कापून पाहावा, अशी मागणी स्पष्ट शब्दांत व्हावी. अर्थसंकल्प १ फेब्रुवारीस मांडला जातो; दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकींत ठराव झाला, तर तो दिल्लीस वेळेवर पोंचेल.