जुना कॅमेरा विकावा की ठेवावा?

जळगाव आणि धुळ्यात आपल्या समाजातील बरेच तरुण फोटोग्राफीच्या धंद्यात आहेत. आम्ही कापडाचे व्यापारी. कॅमेऱ्याशी आमचा संबंध लग्नाच्या बस्त्यामुळे आणि दुकानातील मालाचे फोटो काढून घेण्यामुळे येतो. परंतु भांडवल, झीज आणि नफा-नुकसान यांचा हिशेब सर्व धंद्यांत सारखाच असतो. नवा कॅमेरा घेताना जुन्याचे काय करावे, हा प्रश्न हे तरुण वारंवार विचारतात. म्हणून चार गोष्टी लिहीत आहोत.

आधी बाजार पाहावा. निकॉनचे एफ माउंट १९५९ मध्ये आले आणि कॅनॉनचे ईएफ १९८७ मध्ये. कित्येक वर्षे कॅमेरा बदलला तरी लेन्स तीच चालत असे. २०१८ मध्ये या दोन्ही कंपन्यांनी मिररलेस कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट काढले. २०२० मध्ये आलेला वन-डीएक्स मार्क थ्री हाच आपला शेवटचा अव्वल डीएसएलआर, असे कॅनॉनने २०२१ च्या अखेरीस जाहीर केले. याचा अर्थ व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. चलन संपत आलेला माल गोदामात ठेवल्याने त्याचा भाव चढत नाही. ज्याला विकायचे आहे त्याने थांबू नये.

दुसरी गोष्ट झिजेची. पाच-डी मार्क फोर किंवा डी-७५० यांसारख्या कॅमेऱ्यांचे शटर सुमारे दीड लाख फोटोंसाठी तपासलेले असते. एका लग्नात तीन हजार फोटो निघाले, तर पन्नास लग्नांत हा आकडा गाठला जातो. त्यानंतर शटर लगेच बंद पडेल असे नाही, पण जाणकार गिऱ्हाईक भाव करताना हाच आकडा विचारतो.

मग विकूनच टाकावा काय? आमच्या मते घाई करू नये. निकाह एकदाच होतो. कॅमेरा ऐनवेळी बंद पडला, तर काझीसाहेबांना पुन्हा खुत्बा पढायला सांगता येत नाही आणि निरोप घेणारी मुलगी दुसऱ्यांदा घरातून निघत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, वर धूळ. अशा वेळी गळ्यात दुसरा कॅमेरा असणे ही चैन नव्हे, धंद्याची गरज आहे. जुन्या आणि नव्या कॅमेऱ्याची बॅटरी एकच असेल तर जुना ठेवणे अधिक सोयीचे. कॅनॉनची एलपी-ई६ आणि निकॉनची ईएन-ईएल१५ या घराण्यांतील बॅटऱ्या अनेक जुन्या-नव्या मॉडेलांत चालतात. लेन्स मात्र अडॅप्टर लावून आधी तपासाव्यात. निकॉनच्या जुन्या ‘डी’ लेन्स कंपनीच्या एफटीझेड अडॅप्टरवर बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. लगीनसराई नसताना जुना कॅमेरा पासपोर्ट फोटोला आणि दुकानदारांच्या मालाचे फोटो काढायलाही पुरतो.

तरीही निर्णय मनाच्या ओढीवर सोडू नये, वहीवर करावा. समजा, जुन्याचे आज ४० हजार येतात आणि दोन वर्षांनी २० हजार येतील. म्हणजे ठेवण्याचा खर्च २० हजार. दुसरा कॅमेरा भाड्याने हजार रुपये रोजाने मिळत असेल आणि वर्षाला पंधरा दिवस लागत असेल, तर दोन वर्षांचे भाडे ३० हजार. तेव्हा ठेवावा. वर्षाला सहाच दिवस लागत असेल तर भाडे १२ हजार. तेव्हा विकावा. जुना ठेवण्यासाठी तेवढीच रक्कम हप्त्याने उचलावी लागत असेल, तर तिचे व्याजही ठेवण्याच्या खर्चात धरावे. सूद भरून कपाटात कॅमेरा ठेवण्यात बरकत नाही, हे सांगायला आलिम लागत नाही. शिवाय कपाटात बंद राहिलेल्या लेन्सला पावसाळ्यात बुरशी धरते.

नवा कॅमेरा खरोखर हवा आहे काय, हेही स्वतःला विचारावे. आपल्याच खान्देशात चाळीसगावी केकी मूस (१९१२–१९८९) होऊन गेले. अनेक दशके ते घराबाहेर क्वचितच पडले. टेबलावर वस्तू मांडून, उजेड-सावलीचा मेळ घालून त्यांनी जे फोटो काढले, त्यांनी परदेशात नाव मिळवले. हुन्नर हाताचा आणि नजरेचा असतो. शेजारच्या स्टुडिओने घेतला म्हणून आपण घेणे, हे नवा कॅमेरा घेण्याचे कारण होऊ शकत नाही.

जे जीएसटीत नोंदलेले आहेत त्यांनी कराकडे लक्ष द्यावे. डिजिटल कॅमेऱ्यावरचा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. घेताना भरलेल्या कराची वजावट घेतली असेल, तर विकताना दोन रकमा काढाव्या लागतात. एक, वापराच्या दर तिमाहीला ५ टक्के कमी करून उरलेली वजावट. दुसरी, विक्रीच्या किमतीवरचा कर. यांतील मोठी रक्कम भरावी लागते. हे न पाहता भाव ठरवला तर नफा करात जातो. आयकराच्या घसाऱ्यातही विक्रीची नोंद करावी लागते. आपल्या हिशेबनिसाला आधी विचारावे.

शेवटची गोष्ट आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. विकताना ऐब लपवू नये. शटरचा आकडा, पडल्याची खूण, बदललेला भाग, सर्व सांगून भाव करावा. खरे सांगून चार पैसे कमी आले तरी तेच गिऱ्हाईक पुन्हा येते. आणि मेमरी कार्ड कॅमेऱ्याबरोबर कधीही देऊ नये. पुसलेले फोटो कार्डावरून पुष्कळदा परत काढता येतात. नुसते फॉरमॅट करणे पुरेसे नाही. त्या कार्डावर लोकांच्या घरातील मेहंदी-हळदीचे, आया-बहिणींचे फोटो असतात. लोकांनी भरवशाने दिलेली ती अमानत आहे. दोन-चारशे रुपयांच्या कार्डासाठी ती अनोळखी हातात गेली, तर त्या कुटुंबाची अब्रू आणि आपले नाव दोन्ही जातात. जुने कार्ड तोडून टाकावे.

विकायचेच असेल तर तुळशीच्या लग्नाआधी विकावा. लगीनसराई तोंडावर असते, नवे फोटोग्राफर स्वस्त कॅमेरा शोधत असतात आणि भाव बरा मिळतो. जून उजाडल्यावर तोच कॅमेरा घेऊन बाजारभर हिंडावे लागते.