सही रुग्णाची, संमतीही रुग्णाचीच

वृद्धत्व, आजारपण अथवा अपंगत्व यांमुळे ज्या खातेदारास सही करणे शक्य नसते, त्याच्यासाठी बँकिंग व्यवहारात एक रूढ पद्धत आहे. खातेदाराने अंगठा उमटवावा, दोन स्वतंत्र साक्षीदारांनी तो ओळखावा आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. हाताचा अंगठा उमटवता येत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसाही चालतो. तेही शक्य नसेल तर पैसे काढण्याच्या पावतीवर खातेदाराने केलेली साधी खूण त्याच पद्धतीने ग्राह्य धरली जाते. रक्कम कोणाच्या हाती द्यावयाची, हेही खातेदारानेच सूचित करावयाचे असते. मुलगा, पत्नी वा भाऊ कितीही विश्वासू असले तरी केवळ नात्याच्या आधारे त्यांना खात्यातून पैसे दिले जात नाहीत.

काही ग्राहकांना ही पद्धत जाचक वाटते व त्यामागील त्यांची अडचणही खरी असते. परंतु खातेदार अंथरुणास खिळला म्हणून त्याची इच्छा संपत नाही, हे तत्त्व या पद्धतीच्या मुळाशी आहे. हजार रुपयांसाठी आपण ज्या माणसाची इच्छा इतक्या काटेकोरपणे जाणून घेतो, त्याच माणसाच्या शरीराविषयी रुग्णालयात निर्णय होताना ती तितक्याच आस्थेने विचारली जाते काय, याचा विचार प्रत्येक सुजाण नागरिकाने करावयास हवा.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा २००८ मधील एक निकाल मननीय आहे. दिल्लीतील एका प्रौढ, अविवाहित महिलेने केवळ निदानासाठी करावयाच्या तपासणीस संमती दिली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजाशय काढून टाकण्यात आले. जिवावर बेतेल अशी तातडी नसताना सज्ञान रुग्णाच्या वतीने आईने दिलेली संमती वैध ठरत नाही आणि निदानापुरती दिलेली संमती ही उपचाराची संमती नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आईच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. प्रश्न अधिकाराचा होता.

अपंग व्यक्तींच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याने ते एकवीस केले. या अधिनियमाच्या कलम १३ नुसार अपंग व्यक्तीस इतरांप्रमाणेच मालमत्ता धारण करण्याचा, आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा व बँकेचे कर्ज मिळविण्याचा अधिकार आहे. कलम १४ मर्यादित पालकत्वाची तरतूद करते. त्यात पालकाने परस्पर निर्णय घ्यावयाचा नसून त्या व्यक्तीसह, परस्पर सामंजस्याने व विश्वासाने घ्यावयाचा असतो. कलम २५ अन्वये रुग्णालयांत अडथळाविरहित प्रवेश आणि तपासणी व उपचारांत प्राधान्य अभिप्रेत आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ तर याही पुढे जातो. भविष्यात मानसिक आजार झाल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत, याचे पूर्वनिर्देश प्रत्येक सज्ञान व्यक्ती लेखी स्वरूपात देऊ शकते आणि आपला प्रतिनिधीही नेमू शकते. बँकेत आपण जसे नामनिर्देशन करतो, तशीच ही दूरदर्शी सोय होय. मात्र तिची माहिती फारच थोड्या कुटुंबांना असते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आपल्या समाजात निर्णय कुटुंब मिळून घेते, तेव्हा हे व्यक्तिगत हक्कांचे खूळ कशासाठी? शिवाय गर्दीने ओसंडणाऱ्या रुग्णालयात डॉक्टरांनी प्रत्येकास सविस्तर समजावून सांगावे तरी कसे? या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. कुटुंबाचा आधार ही आपली मोठी शक्ती आहे आणि डॉक्टरांवरील ताणही नाकारता येणार नाही. तथापि आधार देणे निराळे व एखाद्याच्या जागी बसून निर्णय घेणे निराळे. कर्णबधिर रुग्णाला खुणांच्या भाषेतून वा लिहून समजावणे, अंध रुग्णाला संमतीपत्र वाचून दाखविणे, यांस थोडा वेळ लागतो खरा. परंतु पुढे उद्भवणारे गैरसमज व वाद पाहता तो वेळ सत्कारणीच लागतो.

हक्कांची यादी आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत सतरा हक्क नमूद आहेत. मागणी केल्यास ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रे देण्याचे बंधन तर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेतच घातलेले आहे. खरी उणीव आहे ती दाद मागण्याच्या सोप्या मार्गाची. बँकेच्या ग्राहकासाठी १९९५ पासून लोकपाल योजना आली. आधी बँकेकडे तक्रार करावी आणि समाधान न झाल्यास विनाशुल्क लोकपालाकडे जावे, ही वाट सामान्य खातेदारासही ठाऊक असते. रुग्णाला मात्र ग्राहक आयोग, वैद्यक परिषद, आरोग्य खाते वा न्यायालय यांपैकी कोणते दार ठोठवावे, हेच कळत नाही. आजाराने व खर्चाने खचलेला माणूस मग गप्प बसतो, किंवा क्वचित त्याच्या नातलगांचा संताप डॉक्टरांवरच उसळतो. दोन्ही गोष्टी समाजाच्या हिताच्या नाहीत.

न्यूझीलंड या छोट्या देशाने यावर योजलेला उपाय अभ्यासण्याजोगा आहे. ऑकलंडमधील एका रुग्णालयात काही महिलांना त्यांच्या नकळत योग्य उपचारांपासून वंचित ठेवून केवळ निरीक्षणाखाली ठेवले गेल्याचे १९८७-८८ च्या चौकशीत उघड झाले. त्यातून १९९४ मध्ये आरोग्य व अपंगत्व सेवांसाठी स्वतंत्र आयुक्तपद निर्माण झाले आणि १९९६ मध्ये दहा हक्कांची संहिता अमलात आली. दवाखाना असो वा अपंगांसाठीची सेवा, तक्रारीसाठी दार एकच. आपल्याकडेही जिल्हास्तरावर असा एखादा रुग्ण-लोकपाल असावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

हे म्हणत असताना आपले घरही नीटनेटके असावयास हवे. अंध ग्राहकांना धनादेश पुस्तिका, एटीएम, लॉकर आदी सर्व सुविधा भेदभाव न करता द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये सर्व बँकांना बजावले. सत्तर वर्षांवरील ज्येष्ठ तसेच अपंग व्यक्तींना घरपोच मूलभूत बँकसेवा देण्याच्या सूचना २०१७ मध्ये आल्या. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ॲसिडहल्ल्यातील पीडित व दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर निर्णय देताना, डिजिटल सेवा सुलभपणे वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ज्याला डोळ्यांची उघडझाप करता येत नाही, त्याला 'पापणी मिटा' असे सांगणारी ओळखपडताळणी कशी चालेल? कर्मचारी बंधुभगिनींनी एवढे तरी आवर्जून करावे, की खातेदार समोर असताना त्याच्यासोबत आलेल्या व्यक्तीशी न बोलता प्रथम खातेदाराशीच बोलावे.

ग्राहक मित्रांनाही एक विनंती. रुग्णालयात संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचून घ्यावे, न समजलेला मजकूर विचारावा, खर्चाचा अंदाज लेखी मागावा व कागदपत्रांच्या प्रती जपून ठेवाव्यात. आणि घरात कोणी आजारी वा अपंग असेल तर त्यांच्यासाठी निर्णय घेण्याआधी त्यांना एकदा विचारावे. बँकेत आपण ज्यांच्या अंगठ्याची वाट पाहतो, त्यांच्या शब्दाचीही तेवढी वाट पाहणे उचित ठरेल.