शिफारशींपलीकडचा कृषिशिक्षक

२०२३चा ऑगस्ट हा १९०१पासूनच्या नोंदींनुसार देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्यापाठोपाठ विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीनवर पिवळ्या मोझॅकचा प्रादुर्भाव झाला. दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०२५मध्ये, त्याच मराठवाड्यातील उभी पिके अतिवृष्टीने पाण्याखाली गेली. हवामान बदलाची चर्चा आपल्याकडे बहुधा जागतिक परिषदांभोवतीच फिरते. बदललेल्या पावसाशी कसे जुळवून घ्यावे, हे शेतकऱ्याला सांगणार कोण, हा प्रश्न तीत अभावानेच येतो. त्याचे उत्तर शोधताना ज्या घटकाकडे सहसा दुर्लक्ष होते, तो म्हणजे कृषिशिक्षक.

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांवर शिक्षण, संशोधन व विस्तार अशी तिहेरी जबाबदारी आहे. तेथील पदवीधरच पुढे कृषी अधिकारी होतात, कृषी सेवा केंद्रे चालवतात, बँकांत पीककर्जाचे प्रस्ताव तपासतात. साहजिकच वर्गात जे शिकविले जाते, त्याचे पडसाद हजारो बांधांवर उमटतात. हरितक्रांतीच्या काळात या शिक्षणाचा गाभा होता ‘शिफारस’ : अमुक वाण, अमुक खतमात्रा, अमुक फवारणी. अन्नटंचाईच्या त्या दिवसांत ही पद्धत उपयुक्त ठरली, हे नाकारता येणार नाही. परंतु पाऊस साधारणपणे वेळेवर येईल, हे तिचे गृहीतक होते. तेच आता ढासळले आहे.

या पद्धतीची किंमत जैवविविधतेनेही मोजली. ज्वारी, मूग, उडीद, तीळ यांच्या जागी सोयाबीनचे सलग पट्टे आले आणि त्यातही १९९४च्या ‘जेएस-३३५’ या एकाच वाणाचे दीर्घकाळ वर्चस्व राहिले. सर्वत्र एकच वाण असला की नुकसानीला एक रोगही पुरेसा होतो. याउलट विविधता हाताशी असली म्हणजे काय साधते, याचे उदाहरण परभणीतच आहे. भेंडीच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगावर उपाय म्हणून तेथील संशोधकांनी भेंडीच्या एका भाऊबंद प्रजातीशी संकर घडवून १९८०च्या दशकात ‘परभणी क्रांती’ हा वाण विकसित केला. ती प्रजाती कोणी जपलीच नसती, तर हा वाण कोठून आला असता?

ज्ञान केवळ विद्यापीठाकडून गावाकडेच जाते, हा समजही सोडावा लागेल. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले. त्यासाठी २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अशा अनुभवाला पाठ्यक्रमात स्थान मिळाले पाहिजे.

त्यासाठी नवी योजना लागत नाही. कृषी पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थी ‘कृषिदूत’ व ‘कृषिकन्या’ म्हणून गावात राहून कार्यानुभव घेतात. माती परीक्षण आणि बीजप्रक्रिया यांच्या प्रात्यक्षिकांबरोबरच त्यांनी पावसाच्या व पेरणीच्या तारखा, शिल्लक असलेले स्थानिक वाण, रानभाज्या, मधमाश्या यांची नोंद का करू नये? २००२च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या तयार करण्याचे काम सुरू झाले. एकच गाव वर्षानुवर्षे निवडून शिक्षकाने ही नोंद पुढे चालू ठेवली, तर त्या नोंदवह्या जिवंत राहतील आणि शेतकऱ्याला त्याच्याच शिवाराचा आधार देणारा सल्ला मिळेल.

अर्थात, शिक्षकांवर आणखी एक काम लादून हे होणार नाही. रिक्त पदांचा प्रश्न जुना आहे. शिवाय, शोधनिबंधांच्या संख्येवर पदोन्नती ठरत असेल, तर शिवारात घालवलेला दिवस हिशेबात धरला जाणार नाही. हे बदलणे शासनाच्या हाती आहे. पीक बुडाल्यावर पंचनामे करण्यास यंत्रणा तत्परतेने उभी राहते. पेरणीपूर्वी शेतकऱ्याशेजारी उभा राहू शकणाऱ्या शिक्षकाला बळ देण्यात तेवढी तत्परता दिसत नाही, हीच चिंतेची बाब आहे.