बेडकाचं नाव बदललं, ते योग्यच झालं

जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की पालघर-बोईसर पट्ट्यातल्या भातखाचरांत डराव बेडूक जमतात. नर पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून रात्रभर ओरडतात. प्रयोगशाळेत ज्याची चिरफाड करत विद्यार्थ्यांच्या पिढ्या प्राणिशास्त्र शिकल्या, तोच हा 'राना टायग्रिना'. आता त्याला 'होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस' म्हणायचं. यावर दोन तक्रारी सर्रास ऐकू येतात: बेडूक तोच, खाचर तेच, नाव बदलून संशोधकाला शोधनिबंध मिळतो, बेडकाला काय मिळतं? आणि जे शास्त्र स्वतःची नावंही टिकवू शकत नाही, त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण तो वस्तुस्थितीलाच धरून नाही. बंगालमधून आलेल्या या बेडकाला फ्रान्स्वा दोदां या फ्रेंच संशोधकानं 1802 साली नाव दिलं. त्यातला जातिवाचक शब्द आजही तोच आहे. सर्वांत जुन्या वैध नावाचा मान राखायचा, हा नामकरणाचा नियमच आहे. व्याकरणाच्या लिंगानुसार शेवट तेवढा बदलला. बदलली ती प्रजाती, म्हणजे बेडकाचं कूळ. आणि ते बदलणं भागच होतं. लिनियसनं 1758 साली 'राना'मध्ये घातलेला युरोपातला साधा बेडूक आणि आपला डराव हे जवळचे नातलग नाहीत. आज त्यांची कुळंच काय, कुटुंबंही वेगळी मानली जातात. डरावचा खरा भाऊबंद आफ्रिकेत सापडतो. तो 'होप्लोबॅट्रॅकस ऑक्सिपिटालिस'. त्याचे पूर्वज आशियातून तिकडे गेले, असं डीएनएच्या अभ्यासातून दिसतं. पीटर्स या प्राणिशास्त्रज्ञानं 1863 मध्ये सुचवलेली 'होप्लोबॅट्रॅकस' ही प्रजाती अशी अडगळीतून बाहेर आली. चुकीचं नातं सांगणारं नाव केवळ सवयीचं म्हणून चालू ठेवणं याला मी स्थैर्य म्हणणार नाही.

आता 'बेडकाला काय मिळतं?' या प्रश्नाकडे येऊ. परदेशी ताटांसाठी बेडकांच्या तंगड्यांचा व्यापार इतका वाढला होता की 1985 साली डरावचं नाव साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेलं आणि 1987 साली भारतानं निर्यात बंद केली. देशातल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत मात्र वर्षानुवर्षं नोंद होती ती 'राना' प्रजातीतल्या बेडकांची. शास्त्र पुढे गेलं, डरावचं कूळ बदललं, अनुसूची जागच्या जागी राहिली. कायद्याचा हेतू सगळ्यांना कळत होता, हे मान्य. पण अक्षराला धरून बसणाऱ्या वकिलासाठी ही फट का ठेवायची? 2022 च्या दुरुस्तीत अनुसूच्या नव्यानं लावल्या गेल्या. वर्गीकरण बदललं की त्याच्या मागोमाग कायद्यानं बदलायचं असतं, दशकांनी नव्हे.

शिवाय अंदमानात हाच डराव उपरा आहे. माणसानं तिथे नेला, आणि आता त्याचे टॅडपोल स्थानिक बेडकांचे टॅडपोल फस्त करतात. पालघरमध्ये राखायचा आणि अंदमानात आवरायचा प्राणी एकच आहे, हे 'बेडूक म्हणजे बेडूक' म्हणणाऱ्याला कसं कळणार?

लहान शेतबेडकांच्या बाबतीत तर ढोबळपणानं फार नुकसान केलं. भारतभरच्या या बेडकांना दीर्घकाळ जावाच्या 'राना लिम्नोकॅरिस'मध्येच गणलं गेलं. नेल्सन अॅनंडेल या प्राणिशास्त्रज्ञानं 1919 मध्ये सह्याद्रीतल्या अशा बेडकाला 'सिहाड्रेन्सिस' हे वेगळं नाव दिलं, तरीही बराच काळ सरसकट मोजणी चालूच राहिली. सगळीकडे एकच बेडूक आहे म्हटलं की एखादं खाचर बुजवताना कुणाचंच काही जात नाही. बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीभोवती जमिनीचे भाव चढत असताना हा ढोबळपणा कुणाच्या सोयीचा आहे, हे सांगायला नको.

म्हणून माझी मागणी ग्रामपंचायतींच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांपाशी येते. त्यात 'बेडूक: आहेत' एवढ्यावर भागवू नये. वारली शेतकरी प्रत्येक बेडकाला काय म्हणतो ते लिहावं, शेजारी आजचं शास्त्रीय नाव आणि जुनं पर्यायी नावही लिहावं. कोणतं खाचर, कोणती तारीख, आणि मोबाइलवर टिपलेला आवाज. शेतबेडकांच्या कित्येक जाती नुसत्या पाहून ओळखता येत नाहीत, त्यामुळे आवाजाची नोंद तर हवीच. येत्या जूनपासून हे काम सुरू करता येईल.