आधी नाक घडवा

सिनेमातले म्हातारे, जखमी, राक्षसी चेहरे घडवायचे असतील, तर धरणगावच्या पोरापोरींनी आधी मुंबईचं तिकीट काढू नये. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा पाहावा. तिथे कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून गणपती, नरसिंह, रावण रात्रभर नाचतात. डोळ्यांची भोकं जरा चुकली, की नाचणाऱ्याला वाट दिसत नाही. कारागिरीची खरी परीक्षा तीच.

स्टुडिओत साहित्य बदलतं: मातीत चेहरा, त्यावर प्लास्टरचा साचा, मग लेटेक्स किंवा सिलिकॉन. ‘बालगंधर्व’ या चित्रपटाच्या रंगभूषेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे विक्रम गायकवाड मराठीच होते.

कुंभाराकडून पाटीभर माती आणा, आरशासमोर बसून स्वतःचं नाक घडवा. नाकपुडीची कड जमेपर्यंत पुढे जाऊ नका. आणि जिवंत चेहऱ्यावर प्लास्टर कधीही ओतू नका. घट्ट होताना ते तापतं, कातडी भाजते.