अन्यभाषेचा दाखला

‘तुला अन्यभाषा मिळाली का?’ हा प्रश्न आमच्याकडच्या प्रार्थनासभांत हल्ली जातीच्या दाखल्यासारखा विचारला जातो. मिळाली असेल तर पुढच्या सतरंजीवर, नसेल तर दाराशी. मी उंबरमाळीचा, सभेला जाणारा माणूस. मला या प्रश्नाचा राग येतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: प्रार्थनेच्या भरात तोंडातून येणारे, बोलणाऱ्यालाही न कळणारे शब्द म्हणजे अन्यभाषा. पेन्टेकॉस्टल पंथात ते पवित्र आत्म्याचं दान मानतात. बाहेरचे लोक रील बघून हसतात. मी हसणाऱ्यांतला नाही. दुःख अनावर झालं की शब्द संपतात, आवाज उरतो. त्यात हसण्यासारखं काय आहे?

शिवाय याचा इतिहास आपल्याच मातीत आहे. 1905 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मोठी आध्यात्मिक जागृती झाली. पुढच्या एक-दोन वर्षांत तिथल्या मुली अन्यभाषेत प्रार्थना करू लागल्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची गाजलेली जागृती 1906 ची. म्हणजे सगळंच अमेरिकेतून आलं, असं नाही. आणि या मुली कोण होत्या? बालविधवा, अनाथ, 1897 आणि 1900 च्या दुष्काळांतून वाचवलेल्या. ज्यांनी तोंड उघडायचंच नाही असं समाजाने ठरवलं होतं, त्या मोठ्याने देवाशी बोलल्या. अन्यभाषेची किंमत मला इथे दिसते.

पण रमाबाईंनी पुढे काय केलं तेही बघा. अन्यभाषेला त्यांनी खोटं ठरवलं नाही, आणि आत्मा मिळाल्याचा तोच एक पुरावा, असंही मानलं नाही. संस्कृतच्या या पंडितेने शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. 1922 मध्ये त्या वारल्या, तोवर भाषांतर पुरं झालं होतं. साध्या बाईला वाचून कळावं, एवढाच हट्ट.

पौलानेही करिंथच्या मंडळीला बजावलं होतं, की सभेत अन्यभाषा बोलायची तर अर्थ सांगणारा हवा, नाहीतर गप्प राहून मनातच देवाशी बोलावं. ही अट आमच्याकडे कुणी वाचून दाखवत नाही.

आता शहापूर-मुरबाडकडे या. ठाकूर-कातकऱ्यांची पोरं शाळेत घरची बोली बोलली की हशा पिकतो. तीच पोरं मोठी झाल्यावर सभेत पुस्तकी मराठीत साक्ष देताना अडखळतात. अर्थ असलेल्या बोलीची लाज आणि अर्थ न कळणाऱ्या भाषेचा मान, हा कुठला न्याय? पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या प्रत्येकाला आपापल्या जन्मभाषेत ऐकू आलं, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. खरा चमत्कार तो, समोरच्याला कळण्याचा.

म्हणून पाळकांना माझं सांगणं आहे: दाखले मागणं बंद करा. ज्याला अन्यभाषेत रडायचंय त्याला रडू द्या. पण त्याच सभेत एखाद्या कातकरी बाईला नवऱ्याची दारू, वीटभट्टीची उचल, अडकलेलं रेशनकार्ड यावर तिच्या बोलीत बोलू द्या, आणि कान देऊन ऐका. तिथे तिला गप्प बसवणार असाल, तर तिच्या अन्यभाषेला ‘हालेलूया’ म्हणण्यात काय अर्थ आहे?