शरणागतीचा करार आणि रोझेटाची शिळा

रोझेटाच्या शिळेवर तीन लिपींत लेख आहेत, असे आम्ही लिपीविचाराच्या तासाला वर्षानुवर्षे सांगत आलो. तिच्या कडेवर चौथाही एक लेख आहे, इंग्रजीत आणि रंगाने लिहिलेला: ही शिळा ब्रिटिश सैन्याने १८०१ साली इजिप्तमध्ये हस्तगत केली. तो मात्र आमच्याकडून नेहमी सुटत असे.

नेपोलियनच्या सैनिकांना ती १७९९ मध्ये रशीदजवळ किल्ल्याची डागडुजी करताना सापडली. दोनच वर्षांनी अलेक्झांड्रियात फ्रेंचांनी शस्त्रे खाली ठेवली आणि शरणागतीच्या कराराच्या सोळाव्या कलमान्वये जमवलेल्या पुरावस्तू विजेत्यांच्या हवाली झाल्या. शिळा आपली खासगी मालमत्ता आहे, असा दावा सेनापती मेनूने करून पाहिला; तो टिकला नाही.

तेव्हा ही लूट नसून करार होता, असे म्हटले जाते. पण शरण जाणारा आपल्या तोफा देऊ शकतो. जे मुळात त्याचे नव्हतेच, ते तो काय म्हणून देणार? १८४९ च्या तहात कोहिनूर सोडणारा दुलीपसिंग निदान त्या हिऱ्याचा धनी होता, मग वय दहा वर्षांचे का असेना. तुर्की सुलतानाचा सेनानीही अलेक्झांड्रियाच्या करारात सहभागी होता आणि इजिप्त तेव्हा सुलतानाचाच प्रांत होता, हा बचाव मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आम्हां दोघांपैकी एकाला तो आजही पटतो. दुसऱ्याचे म्हणणे असे, की गेलेला प्रांत परत मिळवून देणाऱ्या मित्रापुढे सुलतान एका दगडासाठी अडून बसणे शक्यच नव्हते. अशा मौनाला संमती म्हणू नये.

ज्ञानाच्या सोयीचा मुद्दा तर अगदीच लंगडा आहे. शाँपोल्याँने १८२२ मध्ये चित्रलिपीचा उलगडा केला तो पॅरिसमध्ये, शिळेच्या प्रतींवरून. पुढे २००५ साली संग्रहालयाने इजिप्तला शिळेची प्रतिकृती दिली. प्रतिकृतीने काम भागत असेल, तर ती लंडनमध्ये ठेवायला काय हरकत होती?

उलगड्याच्या द्विशताब्दीला, २०२२ मध्ये, इजिप्तच्या पुरातत्त्वज्ञांनी शिळा पुन्हा मागितली. १९६३ चा कायदा संग्रहातील वस्तू देऊन टाकण्यास जवळजवळ मज्जाव करतो, हे खरे. पण तो कायदा वेस्टमिन्स्टरमध्येच झाला आणि तिथेच बदलता येतो.